जिवंतपणी दिलेला पलंग

१४ सप्टेंबर, क्रूसाचा सण

आज कडक उपास. उकडलेले शेंगदाणे, कांदा, पाव. तेलसुद्धा नाही. सासूबाईंनी अर्धं ताट तसंच ठेवलं. मी ते झाकून ठेवलं आणि संध्याकाळी त्यांना तेच दिलं. ऐंशीच्या पुढच्यांना उपासाची सक्ती नाही असं आमचे पाद्री म्हणतात. पण सक्ती नसताना केला तर पुण्य जास्त, हे मी सासूबाईंना समजावलेलं आहे. त्या हल्ली बोलत नाहीतच.

ही वही जमाखर्चाची. डाव्या पानावर हिशेब असतो, उजवं कोरं जातं. चांगला कागद फुकट जातो म्हणून यापुढे उजवीकडे मनातलं लिहायचं ठरवलं आहे.

मनात सध्या शाळा आहे. गावात मुलं उरली नाहीत, जी होती ती आईबापांसोबत इटलीला आणि स्पेनला गेली, म्हणून शाळा बंद पडली होती. मी दहावी तिथेच झाले. आता तिथे म्हाताऱ्यांसाठी घर झालं आहे. वर्गांच्या खोल्या केल्या, एका खोलीत दोघं. शेजारची विधवा तुदोरा पहिल्याच दिवशी गेली. तिला मुलगा असून नसल्यासारखा, तिचं ठीक आहे. ज्यांच्या घरात सून आहे त्यांनी तिथे कशाला बघावं?

२१ सप्टेंबर

त्या घराची व्यवस्थापक आली होती. रालुका नाव, शहरातली, केस पोरासारखे कापलेले. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना भेटते म्हणे. मी तिला चुलीजवळची चांगली खुर्ची दिली, प्लमचा मुरंबा दिला. तिने माझ्याकडे पाठ केली आणि सासूबाईंच्या समोर जाऊन बसली.

"स्ताना आजी, तुम्हाला सकाळी किती वाजता उठायला आवडतं?"

मी म्हटलं, त्यांना काही अडचण नसते, मी उठवते तेव्हा उठतात. तर ती मला म्हणते, "मी त्यांना विचारलं."

सासूबाईंनी विचारलं, "तिथे दिवसापण गरम असतं का?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जणू आम्ही त्यांना गारठवतो. त्यांच्या खोलीतली शेगडी मी दिवेलागणीला पेटवते. दिवसा त्यांच्या खिडकीत ऊन येतं, अंगात मी विणलेली लोकरीची बंडी असते. दिवसभर लाकूड जाळणारी घरं मी पाहिली आहेत, फेब्रुवारीत कुंपण तोडून जाळतात.

२९ सप्टेंबर

सासूबाई जेवताना म्हणाल्या, "मी शाळेत जाते." निस्तोरला वाटलं भ्रमिष्ट झाल्या. त्याने हसून विचारलं, "दप्तर शोधू का, आई?" त्या म्हणाल्या, "दप्तर नको, तू आणि डोम्निका, दोघांनी मला सही करताना अडवू नका, बस."

निस्तोर डुकराला बघायला बाहेर गेला. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली, घरात काही झालं की आमचं डुक्कर आजारी पडतं.

मी भांडी घासत होते. अकरा वर्षं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना मी उचलते. अंगणातल्या संडासापर्यंत बर्फातून मी नेते, शनिवारी परातीत बसवून आंघोळ मी घालते. माझ्या पाठीत कळ येते तेव्हा मी देवाचं नाव घेते आणि म्हणते, हे वर जमा होतंय. आम्हाला मूल नाही. माझ्या नावावर वर जमा करण्यासारखं दुसरं काय आहे?

१ ऑक्टोबर

नणंदेचा फोन. लिओंतिना ब्रेशियाला एका इटालियन म्हातारीची देखभाल करते, तिथेच राहते. तिला कोणीतरी कळवलंच.

"वहिनी, तू घरात असताना आई अनाथालयात? लोक माझ्या तोंडावर थुंकतील."

मी म्हटलं, अनाथालय नाही, आणि मी पाठवत नाहीये, त्याच हट्ट धरून बसल्या आहेत. तर म्हणते, म्हातारी माणसं उगाच हट्ट धरत नाहीत, काहीतरी असतं. मग तिला मागून कोणीतरी इटालियनमध्ये हाक मारली. "थांब हं, सिन्योराला बाजूला वळवायचंय," म्हणून फोन ठेवला.

परक्याच्या आईला वळवते, त्याचा पगार घेते आणि मला बोलते. देवा, माझी जीभ आवर.

४ ऑक्टोबर

पाद्रींकडे गेले. वाटलं, ते एक शब्द टाकतील तर सासूबाई ऐकतील. ते म्हणाले, "डोम्निका, तिला जिथे राहायचं तिथे राहू दे, देव तिथेही आहे." नव्या घराच्या उद्घाटनाला त्यांनी पवित्र जल शिंपडलं होतं आणि नंतर जेवण चांगलं होतं असं ऐकलं. मी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि परत आले. येताना रस्त्यात अक्रोड पडलेले होते, ते वेचून आणले.

१४ ऑक्टोबर, संत पारास्किवा

संतिणीने ऐकलं.

मी चर्चमधून आले तर सासूबाई पलंगावर ताठ बसलेल्या. म्हणाल्या, शाळेचं राहू दे. नाताळचा उपास सुरू व्हायच्या आत माझी पोमाना घाल.

मी तिथेच क्रूसाची खूण केली. मेल्यावर आपली पोमाना मुलं कशी घालतील कोणी सांगावं, म्हणून आमच्याकडे शहाणी माणसं जिवंतपणीच आपल्या हाताने घालून घेतात. गावजेवण द्यायचं आणि आपल्या वस्तू लोकांना दान करायच्या. जे इथे दिलं ते तिकडे आपल्याला मिळतं. ताट दिलं तर ताट, खुर्ची दिली तर खुर्ची. न देता गेलेला माणूस तिकडे उघडा आणि उभा. माझ्या आईची राहून गेली, ती मला अजून स्वप्नात उभी दिसते.

म्हणजे सासूबाईंचं चित्त ठिकाणावर आलं. शाळेचं खूळ गेलं आणि परलोकाची वाट दिसली. मी निस्तोरला सांगितलं तर त्याने नुसतं "बरं" म्हटलं आणि लाकडं फोडायला घेतली. त्यालाही बरं वाटलं असणार, त्याला दाखवता येत नाही.

२८ ऑक्टोबर

काय कोणाला द्यायचं ते सासूबाई स्वतः सांगताहेत. इतकं बोललेलं मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. टेबल आणि खुर्च्या न्हाव्याला. तांब्याची बादली विहिरीजवळच्या बाईला. कपडे वाटून. आरसा, कंगवा, जादा चष्मासुद्धा.

पेटीतल्या दोन जाड लोकरी रजया तुदोराला द्यायच्या ठरल्या. त्या रजया सासूबाईंनी लग्नाआधी विणल्या. मी पोमानेसाठीच वेगळ्या जपून ठेवल्या होत्या, डांबराच्या गोळ्या घालून, एकदाही वापरू दिल्या नाहीत. म्हणून तर नव्यासारख्या राहिल्या. थंडीत त्या मागायच्या तेव्हा मी सांगायचे, आई, तिकडे जुनी रजई घेऊन जाणार का? आज मी त्यांना म्हटलं, बघा, जपल्याचा उपयोग झाला की नाही. त्यांनी रजईवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झाला."

मी एकदा सुचवलं की रोजचा चमचा आणि वाटी तरी ठेवा, दान दिलेलं परत वापरता येत नाही. तर म्हणाल्या, "सगळं. मागे काही ठेवायचं नाही." इतकी श्रद्धा मला स्वतःला जमली नसती. मी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली.

शेवटी मी विचारलं, पलंग कोणाला? पलंग सर्वांत मोठं दान. बहुतेक लोक तो भाचीला, पुतणीला देतात.

"पलंग तुला," त्या म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अकरा वर्षांनी एकदा.

११ नोव्हेंबर, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहिते. नंतर लोक निरनिराळं सांगतील.

पहाटेपासून माणसं. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण दोन मोठ्या कढयांत, मक्याची उकड, गव्हाची गोड खीर, वर अक्रोडाचा क्रूस. हे सगळं मी केलं. कुठे कंजूषपणा केला नाही, ज्यांनी खाल्लं ते सांगतील. अंगणात लांब टेबलं मांडली. सासूबाई वरच्या टोकाला, नवा काळा रुमाल बांधून, हातात मेणबत्ती. पाद्रींनी प्रार्थना म्हटली. तुदोरा शाळेतून आली होती आणि तिच्यासोबत ती रालुकाही. मी म्हटलं, बघू दे शहरातल्या बाईला सून काय असते ते.

मग दान. सासूबाई एकेक वस्तू हात लावून द्यायच्या. "घे, तुझं होवो, मला तिकडे मिळो." घेणारा म्हणायचा, "देवाला पावो." टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, रजया तुदोराच्या खांद्यावर गेल्या. पलंग निस्तोर आणि न्हाव्याने अंगणात आणून ठेवला होता, गादी, उशी, पांढरी चादर, सगळं घालून. सासूबाई काठी टेकत त्याच्यापाशी आल्या. मला बोलावलं. सगळं गाव बघत होतं.

"डोम्निका, घे. तुझा होवो. मला तिकडे मिळो."

"देवाला पावो, आई," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, मागच्यांना ऐकू जावं म्हणून.

त्यांनी माझा गाल थोपटला. मग रालुकाकडे वळून म्हणाल्या, "झालं बाई माझं. गाडी काढ."

मला अजून कळलं नव्हतं. मी विचारलं, कुठली गाडी? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग मी झोपू कुठे? पलंग तुझा आहे. दिलेल्या पलंगावर निजायचं नसतं, तूच सांगत होतीस."

मी म्हटलं, माझा पलंग घ्या, आम्ही खाली झोपतो. त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या पलंगावर या वयात काय झोपायचं. मी म्हटलं, नवा आणू. "नवा तिथे आहे," त्या म्हणाल्या. सह्या आधीच झाल्या होत्या. पुढे कळलं की सही कुठे करायची तिथे रालुकाने पेन्सिलीने क्रूस काढून दिले आणि सासूबाईंनी त्यावर सही केली, ती पण मी भाजीला परसात गेले असताना.

निस्तोरकडे बघितलं. तो गाडीचं दार उघडून उभा होता. त्याला माहीत होतं की नाही हे मी विचारलेलं नाही.

गाडी फाटकातून गेली तेव्हा लोक अजून जेवत होते. कोणीतरी हसलं. पाद्री म्हणाले की कोबी फार छान झाली आहे.

१२ नोव्हेंबर

पलंग परत आत आणला. त्याच जागी ठेवला. त्यावर कोणी झोपत नाही. निस्तोर म्हणाला, मी झोपू का? मी म्हटलं, तुझ्यावर सोडलंय.

तो शेतातून उशिरा आला आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपला.

१९ नोव्हेंबर

चर्चला जाताना दुकानाच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. मी जवळ आले तशा उपासाच्या रेसिप्या बोलायला लागल्या. न्हाव्याची बायको म्हणाली, "डोम्निकाताई, तुमचं घर आता मोठं वाटत असेल." मी म्हटलं, झाडायला तेवढंच आहे.

लिओंतिनाचा फोन. यावेळी ओरडली नाही. आईशी बोलले म्हणते, रोज संध्याकाळी बोलते, तिथे फोन आहे. "आई खूप हसते, वहिनी. मी तिचा हसण्याचा आवाज विसरलेच होते." मी म्हटलं, आमच्या घरात हसण्यासारखं काही असतं तर तुला ऐकू आलं असतं. ती म्हणाली, तसं नव्हतं म्हणायचं मला. मग कसं म्हणायचं होतं ते तिने सांगितलं नाही.

मनात एक विचार येतो तो लिहिते, देव वाचतोच. रात्रंदिवस मी केलं ते सासूबाईंच्या जाण्याने खोडलं जातं का? की वर लिहिलेलं तसंच राहतं? पाद्रींना विचारायची लाज वाटते.

२६ नोव्हेंबर

शेवटी भेटायला गेले. उपासाचा पाव आणि भोपळा भाजून नेला.

शाळेत शिरल्या शिरल्या घाम फुटला. जिथे कोणी बसत नाही त्या व्हरांड्यातसुद्धा हीटर चालू. खिडकी एक उघडी, आत गरम बाहेर गार, कोण विचारणार. सातवीच्या वर्गात सासूबाई आणि तुदोरा एका पलंगावर शेजारी शेजारी बसून टीव्ही बघत होत्या. दोघींच्या मांडीवर तीच लोकरी रजई.

मी म्हटलं, आई, हे पाप आहे. दिलेली वस्तू पांघरता? तिकडे मिळणार नाही आता. तुदोरा म्हणाली, "रजई माझी आहे, डोम्निका. मी पाहुणीला पांघरूण देऊ नको का?" आणि दोघी हसायला लागल्या, शाळेतल्या मुलींसारख्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सासूबाईंचे गाल भरले आहेत. ताटलीत अर्धं उकडलेलं अंडं होतं. उपासात. मी तिकडे बघितलं, तर त्यांनी ते उचलून माझ्या डोळ्यांसमोर तोंडात टाकलं.

त्यांनी भोपळा घेतला. चांगला झालाय म्हणाल्या. गळ्यात दोरीला एक किल्ली होती. मी विचारलं कसली, तर म्हणाल्या, "या दाराची." वारंवार हात लावून बघत होत्या.

येताना मी ती उघडी खिडकी बंद केली.

३ डिसेंबर

सासूबाईंचं पेन्शन आता शाळेत जातं. डाव्या पानावर ते दिसायला लागलं आहे, इथे लिहीत नाही. निस्तोर म्हणाला, त्या घराला मदतनीस बाई हवी आहे, आंघोळ घालायला, उचलायला, जेवू घालायला. पगार ठीक आहे. "तुझ्याइतकं हे काम कोणाला येतं," तो म्हणाला. लग्नानंतर त्याने माझ्याबद्दल चांगलं म्हटल्याचं मला हे दुसरं आठवतं.

आधी राग आला. फुकट केलं ते कमी का होतं, आता नोकराणी म्हणून करू? पण दिवसभर विचार केला. देवाने एक दार बंद करून मला त्याच खोलीत दुसरीकडून आत नेलं असेल. पुन्हा त्यांचं मीच करीन. लोकांची तोंडं बंद होतील. वर जे अर्धवट राहिलं ते पुरं होईल.

रालुकाकडे अर्ज दिला. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं. ते इतकी वर्षं प्लास्टिकमध्ये होतं, एक घडी नाही.

६ डिसेंबर

रालुका म्हणाली, तिला स्वतःला काही हरकत नाही, पण इथे अंगाला हात लावणारं नवं माणूस घ्यायचं तर राहणाऱ्यांना विचारतात. तसा नियम आहे. एकाने जरी नाही म्हटलं तरी घेत नाहीत. मी म्हटलं, विचारा, सगळं गाव मला ओळखतं.

तेव्हापासून मी एप्रन शिवते आहे, जुन्या चादरीतून. छान झाला आहे.

१३ डिसेंबर

बोलावणं आलं म्हणून गेले, एप्रन पिशवीत घेऊन. रालुका दारातच थांबली होती. म्हणाली, सॉरी. कोणी नाही म्हटलं ते सांगणार नाही म्हणाली. मी म्हटलं, तुमच्याकडून ऐकायचंही नाही, आणि सातवीच्या वर्गात गेले. आत जायच्या आधी दार वाजवलं. तिथे तसं करावं लागतं.

तुदोरा उठून बाहेर गेली. सासूबाई खिडकीशी होत्या.

"बस, डोम्निका. मीच नाही म्हटलं."

मी बसले नाही. म्हटलं, काय चुकलं माझं, आई? एकदा तरी उपाशी ठेवलं? एकदा तरी ओल्यात पडू दिलं?

"नाही," त्या म्हणाल्या. "ते मी त्यांना सांगितलं. हिच्यासारखी काटकसरी बाई दुसरी नाही, कधी काही वाया जाऊ देत नाही, असं सांगितलं. आणि मग म्हटलं, हिला घेऊ नका."

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता. अकरा वर्षांत मी तो हात कितीदा धरला असेन, गरम असलेला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "तू ये. रविवारी ये, पाहुणी म्हणून. नुसती बसायला ये."

मी म्हटलं, मला नुसतं बसता येत नाही.

त्यांचं बोलणं मी इथे शब्दाला शब्द लिहिलं. पहिल्या वाक्यातून दुसरं कसं निघतं ते कितीही वेळा वाचलं तरी मला कळत नाही.

१७ डिसेंबर, रविवार

शाळेत गेले नाही. चर्चला गेले.

सगळे निघून जाईपर्यंत थांबले. दाराजवळ मेणबत्त्यांसाठी वाळूची दोन तसराळी असतात, वरचं जिवंतांसाठी, खालचं मेलेल्यांसाठी. एक मेणबत्ती सासूबाईंच्या नावाने पेटवली, दर रविवारी पेटवते तशी. पण हात पुढे होईना. वर लावावी तर माझ्या घरातून त्या जेवण घालून, सगळं वाटून, निरोप घेऊन गेल्या. खाली लावावी तर त्यांचे गाल भरले आहेत. खालच्या वाळूत मी ती टेकवलीसुद्धा. क्षणभर. माझ्या मनाला तिथेच बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

मेण बोटांवर गळायला लागलं. पाद्री मागून किल्ल्या वाजवत आले, दरवाजा लावायचा होता.

फुंकून विझवली. रुमालात गुंडाळून घरी आणली. अर्ध्याच्या वर शिल्लक आहे.